खाली गर्द, वर फिकट : सुती कुर्ता घरी शेडेड रंगवायचाय

चांदणवेल

नमस्कार मंडळी. कपाटात एक पांढरा सुती कुर्ता पडून आहे. कापड झकास, शिवण झकास, पण पांढरा म्हणून तो घालून लोकलमध्ये चढायची हिंमत होत नाही. रंगवायचा बेत आहे, मात्र सपाट एकरंगी नको. घेराला गर्द निळा, कमरेशी आकाशी, छातीपर्यंत येता येता विरत जाऊन खांद्याला पांढराच, असा हवा. बाजारात 'शेडेड', 'ओंब्रे', 'डिप डाय' अशा नावांनी मिळतात तसा.

व्हिडिओ पोत्याने पाहिलेत. सगळीकडे कुर्ता बादलीत जातो, वर येतो आणि पुढच्या क्षणी दोरीवर वाळत असतो. मधलं कुणी दाखवतच नाही. तर रंग कुठला घ्यायचा? किराणा दुकानात पुडी मिळते ती चालेल का? दोन छटांच्या मध्ये पट्टा न येता रंग विरत कसा न्यायचा? आणि धुताना वरचा पांढरा भाग निळा होऊ नये म्हणून काय तजवीज? गॅस, बादल्या, बाल्कनी आणि एक मोकळा रविवार एवढं भांडवल आहे.

---

विहिरीतला_बेडूक

सोप्पं आहे. नवीन निळी जीन्स आणि पांढरा कुर्ता एकत्र मशीनला लावा. आमच्याकडे हा प्रयोग हमखास यशस्वी होतो, फक्त शेड कुठे येईल ते आपल्या हातात नसतं.

---

शिवणटिपण

चांदणवेल, रंगाचं नंतर बघ, आधी कुर्ता उलटा करून शिवण बघ. रेडिमेड कपडे हल्ली सर्रास पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवतात. सुताला लागणारा रंग त्या दोऱ्याला लागत नाही. कुर्ता निळा झाला तरी कटची, बाहीची, घेराची टीप पांढरीच्या पांढरी राहते. वर फिकट भागात ते कळत नाही, पण घेराच्या गर्द निळ्यावर पांढरी टीप लांबून ओरडते. काहींना आवडतं, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. तुला नको असेल तर खालची दुमड उसवून रंगव आणि नंतर निळ्या दोऱ्याने पुन्हा घाल. माझ्याकडे कुणी "नंतर रंगवायचंय" म्हणून शिवायला टाकलं तर मी सुती दोराच लावते.

आणि दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला म्हणून ते सुती नव्हे. आतल्या शिवणीच्या कडेचे चार धागे ओढून काढ, चिमट्यात धर आणि काडी लाव. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरगळेल अशी मऊ राख राहिली तर सूत किंवा रेयॉन. वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही थोडं थोडं झालं तर टेरीकॉट, त्यातल्या सुतापुरताच रंग चढणार, म्हणजे कितीही घाला, गर्द होणारच नाही. केस जळल्याचा वास आला तर अभिनंदन, रेशीम निघालं!

---

प्रोसेसवाला

इचलकरंजीत प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, डाईंग मास्तरच्या हाताखाली उमेदवारी केली, पुढं स्वतःच मास्तर झालो. आता निवृत्त आहे, वेळच वेळ. त्यामुळं पाल्हाळ सोसून घ्या.

रंग कुठला, हे कापड ठरवतं. सुताला, लिननला, रेयॉनला रिॲक्टिव्ह रंग. बाकीचे बरेचसे रंग धाग्यात नुसते शिरून बसतात, हा धाग्याशी रासायनिक बंध करतो. १९५४ साली इंग्लंडात आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन या दोघांनी हे साधलं आणि १९५६ मध्ये तो 'प्रोसियन' नावानं बाजारात आला. आपल्याकडं रंग-रसायनांच्या दुकानात 'रिॲक्टिव्ह कोल्ड ब्रँड' किंवा नुसतं 'एम' म्हणून मागायचं. 'एच' म्हणजे हॉट ब्रँड, तो घेऊ नका, त्याला भरपूर तापवलेलं पाणी लागतं. कोल्ड ब्रँडला मुंबईचं नळाचं पाणी पुरतं. पुण्या-नाशकात थंडीत करणार असाल तर कोमट घ्या.

किराणातली पुडी बहुधा डायरेक्ट रंगाची असते. उकळत्या पाण्यात मीठ घालून चढते, पहिल्या दिवशी छान दिसते आणि पुढं दर धुण्याला थोडा थोडा निरोप घेते. एकरंगी कपड्याला ते चालवून घेता येतं. शेडेडला नाही चालत, कारण सुटलेला निळा शेजारची पांढरी जागा धरतोच.

निळ्यात नेव्ही किंवा रॉयल ब्लू घ्या. फिरोजी पहिल्याच वेळी नको. त्याचा रेणू मोठा, तो लागायला वेळ घेतो, पाणी जास्त कोमट लागतं, आणि न लागलेला धुऊन काढता काढता हात दुखतात.

कुर्ता साधारण २५० ग्रॅमचा धरतो. गर्द रंगासाठी कापडाच्या वजनाच्या चार टक्के, म्हणजे १० ग्रॅम रंग. पाणी १० लिटर, साधं मीठ अर्धा किलो. आणि सोडा, म्हणजे सोडा ॲश. सोड्याशिवाय रिॲक्टिव्ह रंग लागतच नाही, हे लक्षात ठेवा. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडं ढकलतं, सोडा त्याला तिथं बांधतो.

कुर्ता आधी गरम पाण्यात डिटर्जंट आणि चमचाभर सोडा घालून खळखळून धुवा. कोऱ्या कापडाला खळ असते, रेडिमेडला फिनिश असतं. ते जिथं राहील तिथं रंग चढत नाही आणि ढगासारखे चट्टे दिसतात. आटायचा असेल तेवढा कुर्ता याच धुण्यात आटूनही जातो.

---

अटलांटिकपार

काका, सुरेख माहिती. न्यू जर्सीत हेच रंग डब्यांत मिळतात. सोडा ॲश इथे पोहण्याच्या तलावाच्या सामानात 'पीएच प्लस' म्हणून असतो, लेबलवर सोडियम कार्बोनेट लिहिलंय ना तेवढं बघायचं.

एक शंका. डब्यावरच्या सूचनेत आधी रंग, मग मीठ, २० मिनिटं हलवा आणि सर्वांत शेवटी सोडा, असं दिलंय. शेडेडलाही तसंच का?

---

प्रोसेसवाला

मुद्द्याचा प्रश्न. एकरंगी कापडाला तुम्ही म्हणता तेच बरोबर, आमच्याकडंही सोडा शेवटीच पडायचा. आधी रंग सगळीकडं सारखा पसरू द्यायचा, मग सोडा घालून बांधायचा.

शेडेडला मात्र हे उलटतं. विचार करा, कुर्त्याची छाती पाण्यात दोन-तीन मिनिटं जाणार आणि बाहेर येणार. सोडा अर्ध्या तासानं पडणार. तोवर छातीचा भाग हवेत, त्यावर रंग आहे, मीठ आहे, पण बांधणारं कुणी नाही. पहिल्या धुण्यात वरची सगळी आकाशी छटा मोरीत जाते, घेर तेवढा निळा राहतो, आणि मग लोक म्हणतात "पट्टा पडला".

म्हणून सोडा आधी. ५ लिटर पाण्यात पाव किलो सोडा ॲश विरघळवा, हातमोजे घाला, अख्खा कुर्ता त्यात १५-२० मिनिटं भिजवा. मग पिळून काढा. पिळणं एकसारखं झालं पाहिजे, मशीनच्या स्पिनला दोन मिनिटं टाकला तर उत्तम. ठिबकता नको आणि कोरडाही नको. ठिबकत असेल तर रंग वर चढत जाऊन भलतीकडं पोचतो, कोरडा असेल तर जिथं पाण्याला टेकला तिथं कडक रेघ.

रंगाच्या पाण्यात मग सोडा घालायचा नाही. कापडाबरोबर येतो तेवढा पुरे. त्यानंही ते पाणी हळूहळू मरत जातं, कारण सोड्याच्या संगतीत रंग पाण्याशीच बंध करून बसतो. त्यामुळं तासाभरात काम आटपा. उरलेलं पाणी उद्यासाठी झाकून ठेवलं तर ते दिसायला निळं असेल, लागणार मात्र नाही.

---

चांदणवेल

काका, _/\_. सोडा ॲश म्हणजे वाण्याकडे 'धुण्याचा सोडा' मिळतो तोच ना? आमच्या वाण्याकडे एका पिशवीत पांढरी पूड आहे आणि दुसऱ्या पिशवीत खडीसाखरेसारखे खडे. दोन्हीवर धुण्याचा सोडा असंच लिहिलंय. भजीत घालतात तो नाही, एवढं कळतं :)

---

प्रोसेसवाला

पूड घ्या. दोन्ही तेच आहे, पण खड्यांमध्ये निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. खडेच मिळाले तर पावणेतीन पट घ्यावे लागतील. आणि दोन्हीही ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, सोडा ॲल्युमिनियम खातो. प्लॅस्टिकची बादली किंवा स्टील. जे भांडं वापराल ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

---

आजीचा_बटवा

एवढी रसायनं कशाला? आमच्याकडे नवीन कपडा मिठाच्या पाण्यात भिजवून मगच धुतात, रंग पक्का होतो. व्हिनेगर आणि तुरटीही घालतात. आणि रंग हवा असेल तर हळद आहेच की, पिवळा शेडेड कुर्ता काय वाईट दिसेल?

---

हिरडाबेहडा

आजीचा_बटवा, हळद घातलीत तर कुर्ता साबणाला लागताच लालसर होईल आणि उन्हात वाळवला की हळूहळू फिक्का पडेल. वनस्पतींचे रंग मी वर्षानुवर्षं करतेय, त्यांच्यावर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगते की हळद हा टिकणारा रंग नाही. तुरटी लागते, पण ती वनस्पतींचे रंग कापडाला धरावेत म्हणून, रंगवायच्या आधी. तयार कपड्याचा सुटणारा रंग ती थांबवत नाही. मिठाचंही तेच, रंगवताना उपयोगी, नंतर नाही. व्हिनेगर रेशीम आणि लोकरीच्या ॲसिड रंगांना लागतं, सुताला त्याचा उपयोग शून्य. मिठात भिजवलेल्या कपड्याचा रंग पुढच्या धुण्यात जात नाही, कारण जायचा तेवढा त्या मिठाच्या पाण्यात आधीच गेलेला असतो.

चांदणवेल, निळ्याचा हट्ट नसेल तर शेडेडसाठी माझ्या मते सगळ्यांत देखणी रीत हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार). हिरड्याची पूड कापडाच्या वजनाच्या पंचमांश घ्यायची, पाण्यात रात्रभर भिजवायची, त्यात कापड बुडवून न धुता उन्हात वाळवायचं. फिकट पिवळट होतं. मग दुसऱ्या बादलीत चिमूटभर हिराकस विरघळवायची आणि कापडाचं टोक त्यात सोडायचं. टोक पाण्यात शिरताना पिवळट असतं, श्वास घेऊन सोडेपर्यंत राखाडी, आणि तुम्ही "अगंबाई" म्हणेस्तोवर पाटीसारखं काळपट. वर न्याल तसा राखाडी फिकट. शाई जशी बनायची तीच ही गोष्ट, टॅनिन आणि लोखंड. एक पथ्य: हिराकस जास्त झाली तर सूत काही वर्षांत विरतं. चिमूट म्हणजे चिमूटच.

---

विहिरीतला_बेडूक

मिठाच्या पाण्याची पोलखोल झाली. आमच्या सासूबाईंना हा धागा दाखवू का, की घरात शांतता ठेवू?

---

तिसरा_मजला

शांतता ठेवा.

मूळ विषयावर. बुडवण्यासाठी लोक हँगर हातात धरून उभे राहतात, हात भरून येतो, कुर्ता एकाच पातळीला थांबतो आणि तिथेच रेघ उमटते. आपल्याकडे मुंबई-ठाण्याच्या निम्म्या बाल्कन्यांत छताला कप्पीवर ओढायचे कपड्यांचे दांडे असतात. बादली त्याच्या खाली ठेवायची, कुर्ता हँगरला, हँगर दांड्याला. दोरी सोडली की कुर्ता पाण्यात, ओढली की वर. दोरी खालच्या हुकाला गुंडाळली की अडकून राहतो, मग एका हातात चहा. मी माझे टीशर्ट असेच केलेत. शेजारच्या काकूंना वाटलं मी विहिरीचं प्रात्यक्षिक करतोय.

---

चांदणवेल

तिसरा_मजला, भन्नाट! दांडा आहे आमच्याकडे. आता एकच ठरत नाहीये. काही जण म्हणतात आधी सगळा बुडवा आणि हळूहळू वर काढा. काही जण म्हणतात आधी फक्त घेर बुडवा आणि हळूहळू खाली सोडत जा. घेराला दोन्हींत जास्त वेळ मिळतोच. मग फरक काय?

---

तिसरा_मजला

मी खाली सोडत जातो. घेर आधी रंग पिऊन घेतो, पाणी फिकट होत जातं, वरच्या भागाला आपोआप उरलासुरला मिळतो. आळशी लोकांना बरं.

---

प्रोसेसवाला

उकळत्या डायरेक्ट रंगाला ती पद्धत चालते, तिथं पाणी खरोखर मोकळं होत जातं. कोल्ड ब्रँडमध्ये एवढ्या वेळात पाणी तितकं फिकं पडत नाही, त्यामुळं वर हवा त्यापेक्षा गर्द येतो. आणि एकदा गर्द झालेलं फिकट करता येत नाही, फिकट असेल ते गर्द केव्हाही करता येतं. म्हणून मी फिकट पाण्यापासून सुरुवात करून वर काढत जाणाऱ्यांतला.

ते असं. १० ग्रॅम रंग आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका, मग लिटरभर पाण्यात पातळ करा. पूड मोजताना नाकाला मास्क हवाच, पंखा बंद. ही पूड रोज नाकात गेली की दमा जडलेली माणसं पाहिलीत, त्यामुळं यात चेष्टा नाही. बादलीत १० लिटर पाणी, त्यात अर्धा किलो मीठ विरघळवून घ्या आणि लिटरातला १०० मिली रंग ओता. हे झालं आकाशी पाणी. कुर्ता छातीपर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं. मग वीतभर वर ओढा, २०० मिली ओता. पाच मिनिटं. परत वीतभर वर, ३०० मिली, दहा मिनिटं. शेवटी घेरच पाण्यात, उरलेला ४०० मिली, आणि वीस-पंचवीस मिनिटं.

ओतताना कुर्ता पूर्ण वर ओढून घ्या, पाणी ढवळा, मग परत सोडा. कापडावर थेट ओतलंत तर निळा ओघळ कायमचा.

आणि पट्ट्याचं औषध एकच, कुर्ता थांबू द्यायचा नाही. पाण्याची रेघ कापडावर चार बोटं वर, चार बोटं खाली अशी सतत फिरत राहिली पाहिजे. दोरी हुकाला गुंडाळून चहा प्यायचा तर शेवटच्या टप्प्यात, तोपण घेर काठीनं हलवत. बादलीत घेर गोळा होतो, घड्या पडतात, घडीच्या आत रंग जात नाही. रुंद टबापेक्षा उभट बादली बरी.

---

शिवणटिपण

बाह्या विसरू नकोस. पूर्ण बाहीचा कुर्ता असेल तर टोकं कमरेच्याही खाली येतात आणि छातीच्या आधी बाह्याच निळ्या होतात. त्या वर दुमडून खांद्याला क्लिपने अडकव, क्लिप प्लॅस्टिकची घे, लोखंडाचा गंज लागतो. बाह्यांना शेड हवी तर शेवटी वेगळ्या बुडव, तेव्हा पाणी जास्त गर्द असतं म्हणून मगभर काढून त्यात साधं पाणी मिसळ.

---

काळा_कावळा

धागा जबरी. मला उलटं करायचंय. काळा कुर्ता आहे, खालून फिकट करत न्यायचाय. घरात फरशी पुसायचं ब्लीच आहे. त्यात बुडवू का, आणि मग ब्लीच मारायला व्हिनेगर?

---

हिरडाबेहडा

व्हिनेगर अजिबात नको!! क्लोरीनच्या ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो. इंटरनेटवर हा सल्ला जागोजागी आहे, आणि तो चुकीचा आहे.

ब्लीच थांबवायला 'हायपो' लागतो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना आणि मासे पाळणाऱ्यांना ठाऊक असतो. मिळाला नाही तर केमिस्टकडचा हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात मिसळून, पण आधी साध्या पाण्यात खळबळून घेतल्यावर. ब्लीचमध्ये किमान दहापट पाणी, उघड्या हवेत, हातमोजे घालून. काळा बहुधा विटकरी किंवा तपकिरी होतो, पांढरा क्वचितच. कुठला काळा वापरलाय त्यावर ते ठरतं, काही काळे ढिम्म हलत नाहीत, त्यामुळे आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघ. हवी त्यापेक्षा किंचित गर्द छटा असतानाच बाहेर काढ, कारण धुऊन होईपर्यंत ती उतरतच असते. रेशीम, लोकर किंवा ताणणारं कापड असेल तर ब्लीचच्या जवळही नेऊ नकोस, धागाच विरघळतो.

---

काळा_कावळा

बापरे. व्हिनेगरची बाटली परत चायनीजच्या सामानात ठेवली. धन्यवाद, खरंच.

---

चांदणवेल

आता शेवटचा प्रश्न, आणि मग रविवारी मुहूर्त. बाहेर काढल्यावर काय? लगेच धुवायचा की वाळवायचा?

---

प्रोसेसवाला

दोन्ही नाही. ओलाच ठेवायचा, रात्रभर. वाळला की रंग लागायचा थांबतो. घेराकडचा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळा आणि कुर्ता दांड्यालाच लटकू द्या, मोरीवर असेल तर बरं. वरच्या भागावर मधून मधून पाण्याचा फवारा. घडी करून डब्यात ठेवू नका, घेराचा निळा खांद्यावर छापला जाईल.

सकाळी धुताना कुर्ता खांद्याला धरून उभा, पाणी वरून खाली. म्हणजे सुटलेला रंग पांढऱ्याकडून गर्दाकडं जातो, उलटा येत नाही. बादलीत बुचकळायचं नाही. आधी थंड पाण्यानं मीठ-सोडा घालवा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. मग कडकडीत गरम पाणी आणि डिटर्जंट, तेव्हा परत निळं पाणी येईल, घाबरू नका. तो न लागलेला रंग आहे, तो निघालाच पाहिजे. गरम पाण्यानं तो पांढऱ्याला धरत नाही. लोक इथंच कंटाळतात आणि पुढं सहा महिने टॉवेल निळे करत बसतात.

बोअरचं पाणी असेल तर सांगा. जड पाण्यात रंग मळकट येतो, त्यात कॅल्गॉन, म्हणजे पाणी मऊ करणारी पूड, घालावं लागतं.

---

चांदणवेल

(पुढचा सोमवार)

मंडळी, झाला! कोल्ड ब्रँड नेव्ही, वाण्याचा पुडीतला सोडा, बाल्कनीतला दांडा. आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर हात बसवून घेतला.

फोटो चढत नाहीये, म्हणून वर्णन करते. घेर जवळजवळ काळपट निळा, गुडघ्याच्या वर तो शाईसारखा उजळतो, कमरेला आकाशी, आणि छातीला अशी छटा आहे की पांढऱ्या कागदाशेजारी धरल्यावरच ती निळी आहे हे कळतं. पट्टा नाही! चार बोटं वर-खाली करताना दोरीने तळहात लाल झाले, पण काकांचं औषध जालीम आहे.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, छटा जिथे संपते तिथे कडेला निळ्यापेक्षा जरा जांभळट झाक आहे. छान दिसतेय, पण आली कुठून? दोन, मागचा पल्ला पुढच्यापेक्षा अंगठाभर वरपर्यंत रंगलाय. घातल्यावर बाजूच्या कटशी ते लक्षात येतं.

शिवणटिपण, टीप पांढरी राहिली आहे आणि मला आवडलीये :)

---

प्रोसेसवाला

शाब्बास.

नेव्ही हा बहुतेक वेळा एकटा रंग नसतो, दोन-तीन रंगांचं मिश्रण असतं. ओल्या कापडातून वर चढताना एक पुढं पळतो, एक मागं राहतो, मग कडेला ते वेगळे दिसतात. काळ्या रंगात हे फार होतं, कडेला हिरवट नाहीतर जांभळी झालर येते. नको असेल तर दुकानदाराला 'सिंगल' रंग मागायचा, मिक्स नको म्हणून सांगायचं.

पल्ल्याचं कारण हँगर. पुढचा गळा खोल, मागचा उथळ, म्हणून ओला जड कुर्ता हँगरवर पुढून सरकतो आणि दोन्ही पल्ले सारख्या उंचीला राहत नाहीत. खांद्याच्या शिवणीवर क्लिपा लावून बरोबरीत आणायचे. दुरुस्ती होते. परत सोड्यात भिजवा, स्पिन करा, फिकट पाणी बनवा आणि फक्त पुढचा पल्ला वरपर्यंत न्या. मागचा वर दुमडून प्लॅस्टिकमध्ये.

---

अटलांटिकपार

मी हेच रेयॉनच्या लांब कुर्तीवर करायच्या विचारात आहे. काही वेगळं?

---

शिवणटिपण

रेयॉन लटकवू नका. ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते, पाण्याच्या वजनाने लांबतं आणि खांद्याची शिवण उसवते. आडव्या काठीवर मधोमध टाकून दोन्ही हातांनी आधार देत बुडवा. रंग मात्र सुतापेक्षा गर्द चढतो, तेव्हा थोडा कमी घ्या.

---

चांदणवेल

काका, पुढचा पल्ला या रविवारी. आणि आता या कुर्त्यावर जॉर्जेटची पांढरी ओढणी आहे ती पण शेडेड करावी म्हणते. धागा जाळून बघितला, काळा मणी झाला.

---

प्रोसेसवाला

मणी झाला म्हणजे विषय संपला. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग, आणि तो गिरणीत १३० अंशाला दाबाखाली चढवतात. घरच्या उकळत्या पाण्यात तो फिकटच राहतो, आणि चढायला मदत करणारी जी रसायनं मिळतात त्यांचा वास घरात आठवडाभर राहील. त्या भानगडीत पडू नका.

मॅचिंग सेंटरच्या आसपास ओढण्या रंगवून देणारा रंगारी असतो, त्याच्याकडं द्या. तो हाताच्या अंदाजानं मिसळतो आणि बहुतेक वेळा बरोबर मिसळतो. पॉलिएस्टर आहे हे आधीच सांगा, काही जण ते घेतच नाहीत. त्याला शेडेड करायला सांगू नका, एकरंगी करून घ्या, आणि नमुना म्हणून कुर्ता नेलात तर घेर नका दाखवू, कमरेचा आकाशी दाखवा.